जांभळ्यापलीकडचा चेहरा

धन्यकुमार मगदूम हा मुळात कमी बोलणारा माणूस. बोलायची सवय त्याला लग्नानंतर लागली. त्याची बायको सुनीती हिला दिसत नव्हतं, आणि आपल्याला जे दिसतं ते तिला सांगत राहणं हे आपलं काम आहे, असं त्याने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. मंडईत शिरला की तो सुरू व्हायचा. “वांगी चांगली आहेत, पण देठ सुकलेत. पलीकडे एक आजी मेथी घेऊन बसल्यात, पाणी मारून मारून जुड्या काळ्या पडल्यात. त्यांच्या मांडीवर मांजर झोपलंय, पिवळं.” भाजीवाल्या हसायच्या. सुनीतीला त्याच्या आवाजातून सगळी मंडई उभी दिसायची.

ती मिरजेच्या अंधशाळेत गणित शिकवायची. तो पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. कुठे भराव खचलाय, कुणी चोरून पाइप टाकलाय, हे बघत मोटारसायकलवरून दिवसभर कालव्याच्या कडेने फिरायचं. टोपी घातली की त्याचं डोकं दुखायचं, म्हणून टोपी नाही. मूलबाळ झालं नाही, आणि त्याबद्दल दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही.

लग्नाआधी तिने त्याला एकदाच विचारलं होतं, “तुम्ही दिसता कसे?”

“नाक मोठं. कान त्याहून मोठे. बाकी लक्षात राहण्यासारखं काही नाही,” तो म्हणाला होता.

पन्नाशीच्या अलीकडे असताना सुनीतीला मधुनेत्र नावाच्या कृत्रिम डोळ्याबद्दल कळलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्याच्या चाचण्या चालू होत्या, आणि त्यांना तिच्यासारखीच माणसं हवी होती: लहानपणी काही वर्षं पाहिलेली आणि मग दृष्टिपटल मरत गेल्यामुळे आंधळी झालेली. तिची नजर नवव्या वर्षी पूर्ण गेली होती. मेंदूला पाहणं म्हणजे काय ते ठाऊक होतं, फक्त त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

“आपला डोळा फार उधळ्या आहे,” डॉक्टर नसीमा बागवान म्हणाल्या. मधुनेत्र त्यांच्याच गटाने बनवलं होतं. “दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी, आणि मेंदूवर आम्ही जी पट्टी बसवतो तिच्यावर टोकं फक्त काही हजार. एवढ्याशा दारातून तेवढी माहिती जाणार कशी? वर्षानुवर्षं सगळे तिथेच अडकले होते. मग आमच्या लक्षात आलं की मधमाशीचं दारही एवढंच आहे, आणि तिचं काही अडत नाही.”

मधमाशीच्या डोळ्यात एक भिंग नसतं, हजारो असतात. षटकोनी, एकमेकांना खेटून बसलेली. प्रत्येक भिंग समोरच्या जगाचा फक्त एक ठिपका पाहतं, आणि त्या ठिपक्यांची मिळून रांगोळी होते. डॉक्टरांनी तसेच दोन अर्धगोल चष्म्याच्या चौकटीत बसवले होते. एका भिंगामागे मेंदूतलं एक टोक, असा सरळ हिशेब. भिंगांच्या तळाशी प्रकाश टिपायला मधमाशीच्याच डोळ्यातली प्रथिनं होती, प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतलेली. एक हिरव्यासाठी, एक निळ्यासाठी, आणि एक जांभळ्याच्याही पलीकडच्या अतिनील प्रकाशासाठी.

“तो तर माणसाला दिसत नाही,” धन्यकुमार म्हणाला.

“आपल्या डोळ्यातलं भिंगच तो अडवतं म्हणून. यांच्या वाटेत ते भिंग नाही, त्यामुळे यांना दिसेल. आभाळाचा प्रकाश कोणत्या दिशेने कंप पावतो तेही दिसेल. मधमाशी त्यावरूनच घरची वाट काढते.”

“आणि तांबडा?” सुनीतीने विचारलं. लहानपणचा तोच रंग तिला सगळ्यात जास्त आठवत होता.

“तांबडा नाही मिळणार. मधमाशीला तो काळा दिसतो. तुम्हालाही काळाच दिसेल.”

शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर एका सकाळी चष्मा सुरू केला. आधी नुसता लखलखाट. मग तो हळूहळू निवत ठिपक्यांत मोडला, ठिपके सरकले, जुळले, आणि तिच्या समोर एक लांबट, फिकट आकार हलू लागला. वरच्या बाजूला एक चेहरा होता. डोळे म्हणजे दोन गडद जागा, नाक म्हणजे मधली उजळ पट्टी. आणि डाव्या गालाच्या हाडापासून कानशिलापर्यंत एक गर्द डाग, दौत कलंडून शाई पसरावी तसा.

“दिसतंय का काही?” तो आकार धन्यकुमारच्या आवाजात म्हणाला.

“नाक खरंच मोठं आहे,” ती म्हणाली, आणि तो रडू लागला.

तिने हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. डागाच्या जागी कातडी इतर गालासारखीच गुळगुळीत होती. म्हणजे लासं असावं, जन्मखूण. तिच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, अर्ध्या चेहऱ्यावर लासं असलेली. पोरं तिला काय काय म्हणायची आणि ती कशी हाताने गाल झाकून बसायची, हे सुनीतीला पक्कं आठवत होतं. आणि हा माणूस, मंडईतल्या मांजराचासुद्धा रंग सांगणारा, स्वतःच्या गालाबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. त्याला ते लागत असणार. तिने हात खाली घेतला आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी तिला रंगांचे तक्ते दाखवले, हलणाऱ्या रेघा दाखवल्या, पायऱ्या चढायला लावल्या. माणसांच्या चेहऱ्यावर काय दिसतं, असं मात्र कुणी विचारलं नाही.

मिरजेला परत आल्यावर पहिले काही महिने ती हरखून गेली होती. सूर्यफुलाच्या शेताजवळून जाताना तिने त्याला गाडी थांबवायला लावली. लोकांना अख्खं पिवळं दिसणारं फूल तिला दोन रंगांचं दिसत होतं: बाहेर झगझगीत कडा आणि आत गडद वर्तुळ, जणू मधाकडे जायची वाट आखून ठेवलेली. घरातले ट्यूबलाइट तिला फडफडताना दिसायचे, म्हणून ते काढून टाकले. टीव्हीवरची माणसं तुटक तुटक हलायची. लग्नातला तिचा लाल शालू काळा निघाला. आरशात कपाळावरचं कुंकू काळं दिसलं. मग तिने कुंकवाची डबी उघडली आणि रोजच्यासारखं लावलं.

माणसं ओळखणं अवघड जात होतं. शाळेतल्या सहकारी बाई तिला अजून आवाजावरूनच कळायच्या. फक्त धन्यकुमारच्या बाबतीत अडचण नव्हती. बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कितीही माणसं असोत, तो गालावरचा गर्द आकार दिसला की ती सरळ चालत त्याच्यापाशी यायची.

“एवढ्या गर्दीत कसं काय ओळखतेस गं?” तो एकदा म्हणाला.

“ओळखते,” ती म्हणाली.

एका सकाळी तो तिला कालव्यावर घेऊन गेला. आधी तो इथे तिला पाणी ऐकवायचा. गेटच्या फटीतून कसं निसटतं, भरावाला कसं घासतं. पाण्यावरून परतणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो, आणि पाण्यावर उतरणारे किडे त्यावरूनच पाणी हेरतात. सुनीतीला कालवा लांबूनच दिसला, शेतांमधून गेलेल्या चकाकत्या पात्यासारखा.

“पलीकडे ज्वारीत पण पाणी आहे,” ती म्हणाली. “खूप पसरलंय. झाकल्यासारखं दिसतं, पण आहे.”

धन्यकुमारने निरखून पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. उतरून गेला तेव्हा चिखलात पाय रुतले. भराव आतून पाझरत होता. तो परत आला आणि बुटांचा चिखल खरवडत बसला.

त्यानंतर त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. मंडईत तो पिशवी धरून मागे उभा राहायचा. “काय झालंय तुम्हाला?” असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मला सांगायला काही उरलंच नाही गं. जे मला दिसतं ते तुला दिसतं, आणि जे तुला दिसतं ते मला दिसत नाही.”

“मग मी सांगते,” ती म्हणाली. “आता तुम्ही ऐका.”

आणि ती सांगू लागली. संध्याकाळी चहा घेताना दिवसभरात पाहिलेलं सगळं. ढगाळ आभाळातही सूर्य कुठे आहे ते कसं कळतं. शेजारच्यांच्या पांढऱ्या भिंतीचा नवा रंग आणि जुना रंग कसे वेगळे दिसतात. गोकर्णाच्या फुलात काय असतं. तो ऐकायचा, प्रश्न विचारायचा, कधी हसायचा. पुन्हा त्यांचं जमलं. ती त्याला सगळं सांगायची, एक गोष्ट सोडून. आताशा तो डाग कानामागेही उतरलाय असं तिला वाटायचं. पण तिची नजरच नवी. आधी नीट दिसलं नसेल, असं म्हणून ती सोडून द्यायची.

दसऱ्याला धन्यकुमारची थोरली बहीण त्रिशलाअक्का जयसिंगपूरहून आल्या. अक्कांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. दोघी स्वयंपाकघरात कडाकण्या लाटत होत्या.

“अक्का, एक विचारू का? त्यांना सांगू नका,” सुनीती म्हणाली. “त्यांच्या गालावरचं लासं जन्मापासूनचं का?”

“कसलं लासं?”

“डाव्या गालावरचं. मोठं आहे की.”

अक्कांचं लाटणं थांबलं. “त्याला न्हाऊमाखू मी घातलंय. त्याच्या अंगावर कुठं लासं नाही.”

“अक्का, मला रोज दिसतं.”

अक्का उठल्या. अंगणात धन्यकुमार गाडी धूत होता. त्याची हनुवटी धरून त्यांनी तोंड उन्हाकडे वळवलं. “काय करतेस?” तो म्हणाला. अक्कांनी गाल बघितला, बोटाने चोळून बघितला. कानाजवळ मसुरीच्या डाळीएवढी एक तपकिरी छटा होती, उन्हात काम करणाऱ्या कुणाच्याही तोंडावर असते तशी. बाकी गाल कोरा.

दारात सुनीती उभी होती. तिला अक्कांचं फिकट बोट त्या गर्द आकारात फिरताना दिसत होतं.

चार दिवसांनी ती दोघं पुण्याला डॉक्टर बागवानांच्या समोर बसली होती. डॉक्टरांनी एका त्वचारोगतज्ज्ञाला बोलावलं होतं. धन्यकुमारचा फोटो आधी साध्या कॅमेऱ्याने काढला, मग अतिनील प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने. दुसरा फोटो पडद्यावर आला, त्यात डावा गाल काळा होता.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी अतिनील प्रकाश शोषून घेतात. त्या बिघडून वाढायला लागल्या, कातडीच्या थरात पसरल्या, तरी साध्या नजरेला बरेच दिवस काही कळत नाही. अतिनीलमध्ये मात्र ती जागा काळी पडते. आपल्याकडे हा कर्करोग पूर्वी क्वचित दिसायचा. गेल्या काही वर्षांत उन्हात राबणाऱ्यांमध्ये वाढला होता. तज्ज्ञांनी हे सगळं सावकाश समजावलं आणि मग धन्यकुमारच्या मानेच्या गाठी चाचपल्या.

“तुम्हाला हे कधीपासून दिसतंय?” डॉक्टर बागवानांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” सुनीती म्हणाली. “तुम्ही चष्मा सुरू केला तेव्हापासून.”

म्हणजे दीड वर्ष. डॉक्टर बागवानांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आम्ही विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “आम्हाला सुचलं नाही.”

परतीच्या गाडीत धन्यकुमार खिडकीबाहेर बघत होता. साताऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाला, “सूर्यफुलातलं सांगितलंस. भिंतीचा रंग सांगितलास. माझ्या तोंडावरचं तेवढं सांगावंसं वाटलं नाही तुला?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“विचारायचं होतंस एकदा. नुसतं विचारायचं.”

  बऱ्याच वेळाने त्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, पण बाहेर बघणं सोडलं नाही. कऱ्हाड गेलं तेव्हा म्हणाला, “मीही तुझ्यासमोर कधी कुणाच्या व्यंगाबद्दल बोललो नाही. तुला वाटलं असेल, बोलायचं नसतं.”

शस्त्रक्रियेत गालाचा मोठा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी आणून जोडली. तिसऱ्या दिवशी त्याला साध्या वॉर्डात हलवलं. सुनीती डबा घेऊन आत शिरली. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर पट्ट्या बांधलेली माणसं. ती एकेक चेहरा बघत पुढे गेली. पार टोकाच्या खिडकीपर्यंत गेली आणि वळली, पुन्हा बघत आली.

“अगं, इथे,” मागून आवाज आला. “दोनदा गेलीस समोरून.”

ती त्याच्या खाटेवर बसली. चेहऱ्याकडे बघितलं तर तो कुणाचाही असू शकत होता. तिने डोळे मिटून घेतले. काही उपयोग नव्हता, तिचं बघणं डोळ्यांतून होतच नव्हतं. मग तिने कानशिलाजवळची कळ दाबून चष्मा बंद केला, आणि अंधारात त्याचा हात चाचपून धरला.

रोग फुप्फुसात गेला होता. नवी औषधं देऊन पाहिली, काही महिने मिळाले. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अक्का राहायला आल्या. त्याची खाट त्यांनी खिडकीशी लावली होती. शाळेतून आली की सुनीती चष्मा बंद करायची आणि त्याच्या उशाशी बसायची.

“का बंद करतेस?” एकदा त्याने विचारलं.

“दमते मी. तुम्हीच सांगा, काय दिसतंय बाहेर.”

तो सांगू लागला. आवाज बारीक झाला होता, मधे दम लागायचा. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा, त्यांच्यावर झाकलेली जुनी साडी, साडीचं एक टोक सुटलंय. सायकल शिकणारी मुलगी, तिच्यामागे धावून धावून घामाघूम झालेला बाप. काही दिवसांनी त्याला मान वळवता येईना. तोंड भिंतीकडे असायचं, तरी तो सांगायचा. पोस्टाजवळचं गुलमोहराचं झाड फुललंय म्हणायचा, लालभडक. पोस्ट त्या खिडकीतून दिसत नव्हतं, आणि महिना मार्गशीर्षाचा होता. “किती लाल?” ती विचारायची. “लहानपणी तू बघितलायस ना,” तो म्हणायचा, “तेवढाच.”

एका दुपारी अक्का त्याला पाणी पाजत असताना तो गेला.

तेराव्याच्या आत अक्कांनी फोटो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत लावला. कालव्यावर काढलेला, हसरा फोटो होता म्हणे. सुनीती त्याच्यासमोर उभी राहिली. छापील शाईत अतिनील काही उतरत नाही. तिच्या समोर चौकटीत करड्या-निळ्या ठिपक्यांचा एक पुरुष होता, दोन्ही गाल सारखे असलेला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर बागवान भेटायला आल्या तेव्हा तिने त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “तो आमच्या अतिनील कॅमेऱ्यातला फोटो आहे. तुम्हाला हवा असेल तर…”

“तो रोगाचा फोटो आहे,” अक्का म्हणाल्या.

“हो,” सुनीती म्हणाली. “पण मला तेवढाच ओळखू येईल.” मग स्वतःच मान हलवली. “नको. राहू द्या तुमच्याकडे.”

डॉक्टर दुसऱ्याही कामासाठी आल्या होत्या. मधुनेत्र लावलेली माणसं आता बरीच झाली होती. त्यांना नव्या नियमाप्रमाणे पहिल्याच दिवशी विचारलं जात होतं, की समोरच्याच्या कातडीवर काय दिसतं. त्यात दोघांचे रोग वेळेत सापडले होते. कॅमेरे महाग, आणि खेड्यापाड्यांत पोचत नव्हते. सुनीतीने उन्हात काम करणाऱ्यांच्या शिबिरांत बसावं, नुसतं बघून सांगावं, अशी त्यांची विनंती होती. सुनीती लगेच हो म्हणाली नाही. माणसांकडे बघणंच तिला नकोसं झालं होतं. ती आली की शाळेतल्या बायका नकळत पदराने गाल झाकायच्या. एकदा मंडईत तिने एका बाईला हटकलं होतं, तर बाईने चार शिव्या दिल्या होत्या. पण उन्हाळा सुरू झाला तेव्हा तिने डॉक्टरांना फोन केला.

पहिलं शिबिर आरगजवळ, कालव्याच्या चौकीत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये तिला खुर्ची दिली होती. पाटकरी, मजूर, गेट चालवणारे एकेक करून समोर येऊन बसत होते. शर्ट काढत होते, लाजत होते. तिने कुणाला काही नाही म्हणून सांगितलं, कुणाला टोपी घालायला सांगितलं. जेवणाच्या सुमारास एक तरुण आला, विशीतला. नुकता कामाला लागलेला, सुकुमार चौगुले नावाचा.

“बघा बाई, लवकर आटपा,” तो हसत म्हणाला. “दोनला पाणी सोडायचंय.”

तिने समोरून बघितलं. “वळा,” ती म्हणाली.

मानेवर केसांच्या खाली, कॉलर संपते तिथे.

“तुमच्या मानेवर डाग आहे,” सुनीती म्हणाली. “चांगला नाही. दवाखान्यात दाखवायला हवा.”

त्याने मानेवरून हात फिरवला. बाजूच्याने वाकून बघितलं. “काय बी नाही रे,” तो म्हणाला.

“तुम्हाला नाही दिसणार.”

“बरं, जातो की,” सुकुमार म्हणाला. त्याने शर्ट चढवला. “पुढच्या आठवड्यात सुट्टी काढतो.”

“आज.”

“आज पाणी सोडायचंय म्हटलं ना, बाई.”

“पाणी दुसरं कुणी सोडेल,” सुनीती म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि उठून उभी राहिली. “तुमच्याकडे गाडी आहे ना? मी येते बरोबर. चला.”

त्याने शर्टाची बटणं लावली. मग काहीतरी पुटपुटत बाहेर गेला आणि गाडी सुरू केली. रांगेतली माणसं बाजूला झाली. डॉक्टर बागवान शेडच्या दारापर्यंत आल्या, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

कालव्याच्या कडेच्या रस्त्याने मोटारसायकल मिरजेकडे निघाली. सुनीती मागे बसली होती. वाऱ्याने त्याची कॉलर उडत होती, आणि त्याची मान सबंध वाटभर तिच्या समोर होती. बेडगचा फाटा आला तेव्हा त्याने वेग कमी केला.

“बाई,” त्याने मागे न बघता विचारलं, “केवढा आहे?”

तिने त्याला केवढा ते सांगितलं.